हात पोचेल तेवढा समुद्र

दिवाळीच्या आधी दहापंधरा दिवस आपल्याकडच्या बहुतेक घरांत एक कवायत होते. माळ्यावरची मोठी कढई, चकलीचा सोऱ्या आणि फराळाचे पत्र्याचे डबे खाली काढायचे असतात. माळ्याची उंची ठरवणारा पुरुष, तो बांधणारा पुरुष, आणि स्टुलावर चढून टाचा उंचावून डबे ओढणारी मात्र घरातली बाई! ओट्याची कथा वेगळी नाही. मी चाळीस वर्षे इमारतींच्या बांधकामात काढली. ओटा किती उंच घेऊ, असे गवंड्याने मालकाला विचारलेले मी शेकडो वेळा ऐकले. मालकिणीला विचारलेले बोटांवर मोजण्याइतके. वस्तूचे माप एकाने ठरवायचे आणि ते दुसऱ्याच्या खांद्याने नि कमरेने जन्मभर सोसायचे, हा आपल्या संसारातला जुना रिवाज आहे. यंदा हा रिवाज मला भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. न्यू जर्सीत, माझ्या लेकीच्या दिवाणखान्यात, आणि तोही समुद्राच्या रूपाने!

हा समुद्र काचेतला आहे, हे आधी सांगून टाकतो. ज्यांचे बालपण मुंबईत गेले, त्यांनी १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून मासे पाहिले असतील. गोड्या पाण्याची छोटी टाकी तर कित्येकांच्या घरी असते. लेकीची टाकी या दोहोंहून निराळी. तिच्यात पाणी खारे, मासे थोडे, आणि खरे मानकरी म्हणजे जिवंत प्रवाळ. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. तो स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो, अंगात सूक्ष्म शैवाल सांभाळतो, आणि त्या शैवालाने उजेडात तयार केलेल्या अन्नावर बव्हंशी पोसला जातो. म्हणून त्याला प्रखर उजेड लागतो, सतत हलते पाणी लागते, आणि पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास ठरलेले उष्णतामान लागते. हा प्राणी घरात जगवण्याची एक साधी रीत जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहून प्रसिद्ध केली. त्यांची भिस्त यंत्रांपेक्षा समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकावर होती. पुढे जर्मनीत आणि अमेरिकेत हा छंद फोफावला.

आमच्या लेकीने आठ वर्षांपूर्वी, भाड्याच्या घरात असताना, अंगठ्याएवढा एक प्रवाळाचा तुकडा आणला. दुसऱ्या एका छांदिष्टाच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाची ती फांदी होती. त्याच्या मऊ टोकांचा आकार हातोड्यासारखा असतो, म्हणून तिकडे त्याला हातोडा-प्रवाळ म्हणतात. या आठ वर्षांत लेकीने दोन घरे बदलली, एक नोकरी सोडून दुसरी धरली, एक मूल वाढवले. पण रविवारची सकाळ टाकीची, हा नेम चुकला नाही. तुकडा आज फ्लॉवरच्या मोठ्या गड्ड्याएवढा झाला आहे. टाकी मात्र होती तीच: तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सुमारे १९० लिटरांची. प्रवाळ एका बाजूने काचेला टेकला आणि दुसऱ्या बाजूने शेजाऱ्याला भिडला. दिवसा हा सोज्ज्वळ दिसणारा प्राणी रात्री लांब धागे बाहेर सोडतो आणि जवळच्या प्रवाळाला डंख करतो. चाळीतल्या बिऱ्हाडांचे तरी नळावर भांडून भागते; इथे शेजारी मरतो. तेव्हा दोनच वाटा उरल्या. एक तर प्रवाळ कापून अर्धा कोणाला तरी देऊन टाकायचा, नाही तर टाकी मोठी घ्यायची.

टाकी मोठी घ्यायची यावर घरात एकमत झाले. किती मोठी, यावर मात्र जितकी तोंडे तितकी मापे!

जावईबापू सहा फूट उंच आणि स्वभावाने उमदे. त्यांनी संगणकावर सुबक आराखडा काढून ठेवला होता. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, तीस इंच उंच, आणि तीही तीन फुटी घडवंचीवर. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र! हिशेब १८७ गॅलनांचा, म्हणजे सातशे लिटरांच्या वर. हा आकडा ते इतक्या प्रेमाने उच्चारीत की पगाराचा आकडाही कोणी तसा उच्चारीत नसेल.

नातवाचे वय आठ. त्याला उंची-रुंदीशी कर्तव्य नव्हते. त्याला २००३ सालच्या त्या प्रसिद्ध चित्रपटातला विसराळू निळा मासा हवा होता. हा मासा दुकानात बोटाएवढा दिसतो, पण पूर्ण वाढला की जवळजवळ फूटभर होतो आणि दिवसभर येरझारा घालतो. त्याला निदान सहा फुटांची लांबी हवी, हे नातवाने पुस्तकात वाचून ठेवले होते. "आजोबा, पाच फुटांत तो वळूनच दमेल," असे तो मला पटवीत होता.

आमच्या सौ.चे माप तिसरेच. तिला दिवाणखान्यातली जाण्यायेण्याची वाट अडायला नको होती. "लांब कितीही करा, पण भिंतीला चिकटून असू द्या. दीड फुटापेक्षा पुढे यायला नको," हा तिचा निकाल.

लेक मात्र काही बोलत नव्हती. जावईबापूंनी आराखडा तिच्यापुढे धरला तेव्हा ती तो नीट पाहून एवढेच म्हणाली, "छान आहे. मग यापुढे ती तू सांभाळ." आवाज चढवला नाही, रागावली नाही. पण घरातल्या सर्वांना त्याचा अर्थ कळला. जावईबापू महिन्यातले दहा दिवस फिरतीवर असतात. आठ वर्षांचा प्रवाळ त्यांच्या भरवशावर एक हंगामही काढता ना. म्हणजे प्रश्न टाकीचा दिसत असला, तरी पणाला लागली होती ती लेकीची आठ वर्षे.

मापांचे भांडण असेल तर मला गप्प बसवत नाही. मी टेप घेतली आणि एकेका मापाची झडती घेऊ लागलो. वाचकांना म्हणून ती क्रमाने सांगतो. ज्यांना टाकी कधीच घ्यायची नाही, त्यांनाही घरातली दुसरी एखादी वस्तू ठरवताना ती उपयोगी पडेल.

प्रथम उंची. दुकानात उंच टाकी रुबाबदार दिसते, आणि लिटरांचा आकडा फुगवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. पण तिन्ही मापांत महागात पडणारे माप हेच. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. टाकी रुंद आहे की अरुंद, याची त्याला पर्वा नसते. समोरच्या काचेवरचा एकंदर रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तीच ठेवून उंची वीस इंचांची तीस केली, तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. जावईबापूंच्या टाकीच्या दर्शनी काचेवर काठोकाठ भरल्यावर साडेचारशे किलोंचा रेटा आला असता. सहा फूट लांब पण वीसच इंच उंच टाकीच्या काचेवर तो अडीचशे किलोंच्याही आत राहतो. अर्थात उंच टाकीला काच जाड लागते, आणि जाड काच म्हणजे जादा वजन नि जादा पैसे.

दुसरे, उजेड. पाण्यात जसजसे खाली जावे तसतसा तो मंदावतो. टाकी जितकी उंच तितका दिवा प्रखर हवा, आणि विजेचे बिल दर महिन्याला येते, एकदाच येत नाही.

तिसरे, जमीन. न्यू जर्सीतली जुनी घरे लाकडी असतात. पुण्याच्या वाड्यातला कडीपाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथली जमीन लगेच समजेल: ठरावीक अंतरावर लाकडी कड्या, त्यांवर फळ्या, आणि खाली तळघर. राहत्या खोलीची जमीन तिकडे चौरस फुटाला ४० पौंड भार धरून बांधतात. आपल्याकडे राहत्या खोलीच्या स्लॅबला चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. म्हणजे दोन्हींकडे जवळपास सारखेच. आता तीस इंच खोल खाऱ्या पाण्याचा भार चौरस फुटाला होतो १६० पौंड. वीस इंचांचा होतो १०७. यात काच, दगड आणि घडवंची धरलेलीच नाहीत. टाकी लांब किंवा रुंद केली तर वजन वाढते, पण ते पसरते. उंच केली तर सगळे त्याच जागी चढत जाते.

हे आकडे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ४० पौंडांचा हिशेब सबंध खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, आणि भिंतीलगत ठेवलेली एखादी जड वस्तू जमीन बहुधा पेलते. पण 'बहुधा' या शब्दावर एक टन ठेवू नये. आम्ही तळघरात उतरून कड्या कोणत्या दिशेने जातात ते पाहिले. टाकी बाहेरच्या पायाच्या भिंतीजवळ आणि कड्यांना आडवी ठेवायचे ठरले, म्हणजे भार एकदोन कड्यांवर न पडता चारपाच कड्यांत वाटला जातो. शिवाय तिथल्याच एका परवानाधारक अभियंत्याला बोलावले. त्याने खाली एक तुळई आणि दोन खांब द्यायला सांगितले. मी स्वतः त्याच धंद्यातला असूनही त्याला बोलावले, कारण घर त्या गावचे आणि लाकूडही त्या गावचे. भरलेल्या टाकीचे सगळे मिळून वजन साडेआठशे किलोंच्या आसपास येणार होते. म्हणजे लग्नाला आलेले बारा दणकट पाहुणे बारा चौरस फुटांत उभे राहिले आणि पुढे घरी गेलेच नाहीत, असे समजा!

आता लांबी. इथे मी नातवाच्या बाजूचा. लांबी माशाच्या कामाची असते. माशाला जायला वाट लागते ती आडवी, उभी नव्हे. पाण्याचा हवेशी संबंध येतो तो वरच्या पृष्ठभागावर, आणि पृष्ठभाग म्हणजे लांबी गुणिले रुंदी. जावईबापूंच्या टाकीत पाणी जास्त होते पण पृष्ठभाग दहा चौरस फूट. सहा फुटी टाकीत पाणी कमी पण पृष्ठभाग बारा. दिव्यांचाही हिशेब सहा फुटांच्या बाजूने पडला. तिकडे मिळणारे बरेचसे दिवे दोन फूट बाय दोन फूट जागा उजळतील अशा बेताचे असतात. चार फुटांना दोन, सहा फुटांना तीन. पाच फूट म्हटले की दोन कमी पडतात आणि तीन जास्त होतात. सहा फुटांपुढे मात्र जाऊ नये, असे दाराने सांगितले. पुढच्या दारातून आत आल्यावर जिन्यापाशी जे वळण आहे, त्यातून याहून लांब पेटी वळत नाही. मुंबईच्या वाचकांनी टाकी घेण्यापूर्वी लिफ्टचे माप घ्यावे. सहा फुटांची काच चौथ्या मजल्यावर जिन्याने नेणारे हमाल मिळतात, पण त्यांचे दर ऐकून मासे विसरायला होतात.

राहिली रुंदी, म्हणजे समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर. लोक सर्वांत कमी विचार हिचाच करतात, आणि प्रवाळाला सर्वांत जास्त गरज हिचीच असते. सौ.च्या दीड फुटी मापात काय झाले असते पाहा. काच घासायला पुढे-मागे तीन तीन इंच तरी मोकळे हवेत. उरले बारा. त्यात दगड रचायचा म्हणजे तो मागच्या काचेला टेकवूनच रचावा लागतो. मग त्याच्या मागे पाणी खेळत नाही आणि घाण साचते. शिवाय हातोडा-प्रवाळाच्या चहूबाजूंना वीतभर जागा रिकामी पाहिजे, हे आठ वर्षांनी सर्वांना कळून चुकले होते. रुंदी दोन फूट केली की दगड मधोमध बेटासारखा उभा राहतो, पाणी त्याला प्रदक्षिणा घालते, आणि फूटभर लांबीचा मासा सहज वळतो.

सौ.ला हे पटेना. मग मी जमिनीवर खडूने सहा फूट बाय दोन फुटांची चौकट आखली, भिंतीकडून नळ्यांसाठी आणखी पाच इंच सोडले, आणि आत जुनी वर्तमानपत्रे पसरली. सौ.ने चहाचा ट्रे हातात घेऊन तिच्या कडेने तीनदा ये-जा केली. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "सोफा हातभर सरकवला तर चालेल." रुंदीचा निकाल लागला. मोठी वस्तू घेण्यापूर्वी दोन दिवस तिची रिकामी चौकट जमिनीवर आखून तिच्या कडेने वावरावे, यासारखा स्वस्त सल्ला दुसरा नाही.

एवढे झाल्यावर मी लेकीला हाक मारली आणि तिला हात वर करायला सांगितले. काखेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली. चोवीस इंच!

"हे कशाला, बाबा?"

"टाकीचे माप घेतोय."

प्रवाळाची टाकी ही शोभेच्या चित्रासारखी टांगून ठेवायची वस्तू नव्हे. तिच्यात हात घालावा लागतो, आणि तोही वरचेवर. दगड ढासळतो तो सावरायचा, प्रवाळ उलथतो तो सरळ करायचा, काच तळापर्यंत घासायची. लांब चिमटे मिळतात, पण जिवंत प्रवाळ चिमट्याने बसवणे म्हणजे सांडशीने करंजी मुरडण्यासारखे आहे. हातात काही धरायचे म्हटले की बोटांचे तीन इंच वजा होतात. म्हणजे लेकीचा कामाचा हात एकवीस इंचांचा. तीस इंचांच्या टाकीत तिने खांदा बुडवला असता तरी वाळू तिला भेटली नसती. शिवाय तीन फुटी घडवंचीवर त्या टाकीची कडा येते जमिनीपासून साडेपाच फुटांवर, आणि लेक आहे पाच फूट एक इंच. रविवारी सकाळी तिने शिडीवर उभे राहून, जेमतेम मनगटापर्यंतचा समुद्र सांभाळायचा!

जावईबापू टेपकडे बघत राहिले. मग ते स्वतःच म्हणाले, "बाबा, हे माझ्या लक्षातच आले नाही. मी माझ्या डोळ्यांचे माप धरले." माणूस मोकळ्या मनाचा आहे. त्यांनी आराखडा पुसला आणि नवा मांडला, या वेळी लेकीला शेजारी बसवून.

नवे माप असे ठरले: लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट, उंची वीस इंच. पाणी सुमारे १५० गॅलन, म्हणजे ५६५ लिटर. जुन्या टाकीच्या जवळजवळ तिप्पट, पण जावईबापूंच्या आकड्याहून दीडशे लिटर कमी. घडवंची तीस इंचांची. कडा आली पन्नास इंचांवर, लेकीच्या खांद्याच्या रेषेत. पायाखाली सहा इंचांचा पाट घेतला की काख कडेवर येते आणि बोटे वाळूला टेकतात. दिवे छताला दोरीने टांगायचे, म्हणजे काम करताना ते वर ओढून घेता येतात आणि मागच्या कोपऱ्याकडे वाकता येते. एक फायदा ठरवून केला नव्हता, तोही पदरात पडला. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर बरोबर या पाण्याच्या उंचीवर येते. समुद्र उभ्याने पाहायला पाहुणे येतात. घरची माणसे बसून पाहतात.

पाणी गाळणारी दुसरी टाकी घडवंचीखाली न ठेवता तळघरात नेली. तिथे नळ आहे आणि मोरीही आहे. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले, तर पंचावन्न-साठ लिटर पाणी आणि त्यात कालवायला सुमारे दोन किलो खास मीठ लागते. ते बादल्यांनी दिवाणखान्यात वाहून आणायचे की तळघरात नळीने सोडायचे, यावरच छंद टिकतो की मोडतो. इथे एक खबरदारी सांगतो. वीज गेली की पंप थांबतो, आणि वरच्या टाकीतले थोडे पाणी खाली उतरते. सहा बाय दोनच्या टाकीत पाण्याची पातळी एक इंच उतरली, तर अठ्ठावीस लिटर पाणी खाली येते. खालच्या टाकीत तेवढ्याला, आणि त्याहून बऱ्याच जास्तीला, जागा रिकामी ठेवावी. नाही तर वीज गेली म्हणून मेणबत्ती शोधायला निघालेला माणूस पाण्यात पाय घालतो.

खर्चाच्या बाबतीत मात्र एक गंमत झाली. तिकडच्या बाजारात १८० गॅलनांची टाकी तयार मिळते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, पण उंची सुमारे पंचवीस इंच. आमची वीस इंचांची टाकी मापाने करून घ्यावी लागली, आणि तिला तयार टाकीपेक्षा जास्त पैसे पडले. "काच कमी आणि पैसे जास्त?" सौ.ने विचारले. मी म्हटले, "तयार ब्लाउज आणि शिंप्याने शिवलेले ब्लाउज यांत कापड कशात जास्त लागते, ते तूच सांग." तिने पुन्हा विचारले नाही. पाच इंच कमी करण्याचे जे पैसे पडले, ते लेकीच्या खांद्याचे पैसे. येती दहा-पंधरा वर्षे ते दर रविवारी वसूल होतील.

हे वाचून आपल्याकडच्या कोणाला प्रवाळाची हौस वाटू लागली असेल, तर त्यांना वेळीच सावध करतो. आपल्या देशात खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ सालापासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीत वाघ आहे. तेव्हा कोणी 'फक्त छोटासा तुकडा' म्हणून विकू लागला, तर वाघाचे छोटेसे पिल्लू विकतो आहे असे समजून दुकानाबाहेर पडावे. प्रवाळ पाहायचाच असेल तर आपल्या मालवणच्या समुद्रात तो आहे. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. जाणत्या माणसाबरोबर पाण्यात उतरावे, डोळे भरून पाहावे आणि हात मागे बांधून परत यावे. दादरच्या किंवा कोथरूडच्या घरात गोड्या पाण्याची टाकी ठेवावी. मापांचे शास्त्र तिथेही हेच आहे: उंची हाताच्या बेताने, लांबी माशाच्या बेताने, रुंदी आतल्या रचनेच्या बेताने, वजन जमिनीच्या बेताने. लिटरांचा आकडा सर्वांत शेवटी काढावा; तो आपोआप निघतो.

आणि टेप हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. रविवारी सकाळी यात हात कोणाचा जाणार? ज्याचा जाणार त्याला, किंवा जिचा जाणार तिला, आधी बोलावून घ्यावे. ओटा, माळा, कपाट, धुण्याची मोरी या सर्वांना हा प्रश्न लागू आहे.

टाकी बसली. जुन्या टाकीतला दगड नव्या दगडाबरोबर रचला, खारे पाणी भरले, आणि घाण पचवणारे सूक्ष्म जंतू त्यात रुजावेत म्हणून कित्येक आठवडे कोणी कसलीही घाई केली नाही. पाण्याची तपासणी ठीक येऊ लागल्यावर एका रविवारी लेकीने बाह्या वर केल्या आणि ती पाटावर उभी राहिली. फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा तो प्रवाळ दोन्ही हातांत धरून तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातले, आणि बेटाच्या उजव्या खांद्यावर तो अलगद बसवला. चहूबाजूंना आठ आठ इंच मोकळे पाणी होते. जावईबापू बाजूला टॉवेल धरून उभे होते.

निळा मासा अजून आलेला नाही. तो सर्वांत शेवटी सोडायचा असतो, टाकी पक्की मुरल्यावर. हा मासा बंदिस्त पाण्यात अंड्यापासून वाढवणे फार कठीण होते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते २०१६ साली प्रथम साधले. तेव्हा समुद्रातून धरून आणलेला मासा घ्यायचा नाही, असाच वाढवलेला घ्यायचा, असे लेकीने मुलाला सांगून ठेवले आहे. नातवाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती निळ्या पेन्सिलीने गोल काढला आहे, आणि रोज शाळेतून आल्यावर तो टेप घेऊन सहा फूट पुरेसे आहेत ना, हे पुन्हा मोजून पाहतो.